चौथा फर्मा

ग्रंथालयातून फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा आला की दादा आधी पुस्तकं पाहत नसत, चिठ्ठ्या पाहत. प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी खोचलेली असायची. 'पाठ सुटली आहे.' 'पान ४१ ते ४४ निखळली, आतच ठेवली आहेत.' 'वाळवी. फार आशा नाही.' अक्षर बारीक, डावीकडे कललेलं, आणि पूर्णविराम इतका ठासून दिलेला की कागदाच्या मागच्या बाजूला बोटाला लागावा. चौदा वर्षं ते अक्षर दर पंधरवड्याला दुकानात येत होतं. मध्ये एक खेप चुकली. पुढच्या सोमवारी गठ्ठा आला तो वेगळ्याच अक्षराचा. गोल, शाळकरी अक्षर, आणि पूर्णविरामाचा पत्ता नाही.

दादांनी बावीसच्या बावीस चिठ्ठ्या उलटून पाहिल्या.

"हे कुणी लिहिलं?" त्यांनी गठ्ठा आणणाऱ्या शिपायाला विचारलं.

"नवीन बाई आल्यात."

"आणि आधीचे?"

शिपाई त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही? तुमचे सख्खे भाऊ ना ते?"

दादांनी हातातली चिठ्ठी परत पुस्तकात खोचली. मग शिपायानेच खाली बघत सांगितलं, "झटका आला त्यांना. महिना होत आला. उजवी बाजू गेली होती, आता थोडं चालतात म्हणे. पण बोलणं बंद झालंय. एक अक्षर फुटत नाही."

शिपाई गेल्यावर दादा खुर्चीवर बसले. डावा हात त्यांनी सवयीने उजव्या काखेत दडवला. त्या हाताला अंगठा आणि शेवटची दोन बोटं होती. मधली दोन चौदा वर्षांपूर्वी याच दुकानात गेली होती, आणि जाताना त्या भावालाही घेऊन गेली होती.

दुकान वडिलांचं. एक लांबट खोली, रस्त्याकडे दोन खिडक्या, तीन टेबलं. एका टेबलावर शिलाई, दुसऱ्यावर पुठ्ठा आणि खळ, तिसऱ्यावर घड्या. छापखान्यातून छापील मोठे कागद यायचे, त्यांना फर्मे म्हणत. एका फर्म्याच्या घड्या घातल्या की सोळा पानं व्हायची. ते काम घडीवाल्या मावशींचं. हाडाची गुळगुळीत पट्टी घडीवरून अशी फिरवायच्या की बघणाऱ्यालाच आपली सुरकुती गेल्यासारखं वाटावं. आणि खोलीच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून, कटिंग मशीन. ओतीव लोखंडाचं, वडिलांपेक्षा वयाने मोठं, आणि वडील म्हणत त्याप्रमाणे, त्यांच्यापेक्षा जास्त धार असलेलं.

त्या मशीनला दोन माणसं लागत. एकाने समोरून कागदाचा गठ्ठा आत सारायचा, ठोकून कडा जुळवायच्या. दुसऱ्याने बाजूला उभं राहून दांडा ओढायचा, म्हणजे सुरी खाली येई. वरून दाबाची जाड पट्टी असल्यामुळे दांडा ओढणाऱ्याला समोरच्याचे हात दिसत नसत. "तयार?" "हो." असं दिवसातून हजारदा ओरडण्यापेक्षा वडिलांनी एक गाणं करून टाकलं होतं. वडील काही गवई नव्हते. पण चाल मात्र अशी लागली होती की एकदा ऐकली की माणूस घरी जाऊन दात घासतानाही तीच म्हणायचा.

घे रे गठ्ठा, ठोक जरा,
कडेला कड, सरळ करा,
हात काढ, दादा, हात काढ.

तिसरी ओळ दोनदा. पहिल्यांदा म्हटली की आवरतं घ्यायचं, दुसऱ्यांदा म्हटली की हात बाहेर, आणि शेवटच्या 'काढ'वर सुरी खाली. वडील म्हणत तेव्हा त्यात 'बाळा' असायचं. पुढे वडिलांचे खांदे दुखायला लागले, दांडा धाकट्याच्या हातात आला आणि 'बाळा'चं 'दादा' झालं. मावशींनीही आपलं काम त्याच गाण्याला बांधून घेतलं होतं. एका ओळीला एक फर्मा. सुरी पडली की त्यांचे चार फर्मे झालेले असत. त्या चारांची जुडी करून आडवी ठेवायच्या, पुढची चारांची उभी. शेवटी नुसत्या जुड्या मोजल्या की काम झालं.

धाकट्याला वडिलांनी लहानपणीच नाव ठेवलं होतं, रेडिओ. कारण बंद करायचं बटण सापडत नसे. उठला की गाणं, जेवताना गाणं, ताप असला तरी कण्हायचा तो सुरात. आणि त्याची एक खोड होती. कुणी गाणं अर्ध्यात सोडलेलं त्याला सहनच होत नसे. दादा मुद्दाम ओळ अर्धी म्हणून गप्प बसायचे, आणि मग हा असेल तिथून, एकदा तर न्हाणीघरातून साबणाच्या डोळ्यांनी, धावत येऊन ती पुरी करायचा.

"अरे, आधी अंग तरी पूस," आई म्हणायची.

"मग ह्याला सांग ना, पुरं म्हण म्हणून."

असे दिवस होते. तेव्हा ते चांगले आहेत हे कुणाला कळलं नाही. दुपारच्या उन्हात खळीचा आंबूस वास, रस्त्यावरून जाणारा एखादा सायकलवाला थांबून खिडकीतून डोकावणार, आणि आत तिघंचौघं एका चालीवर डोलत कागद कापताहेत.

मग गावातल्या एका वाद्यवृंदाने रेडिओला गायला बोलावलं. महिन्याच्या पगारावर. घरी सगळे खूश झाले, फक्त दादा नाही झाले. "इथलं कोण बघणार?" एवढंच म्हणाले. खरं तर दांडा ओढायला दुसरा माणूस मिळाला असता. गाणारा मिळाला नसता, आणि ते सांगायची लाज वाटली. आठवडाभर ते गाल फुगवून वावरत होते. मशीनपाशी दोघं मिळून म्हणायचे ते गाणं रेडिओ एकटा म्हणू लागला. दादा ओठ मिटून कागद ठोकत राहिले.

त्या दिवशीही तसंच. पहिल्या ओळी झाल्या. हात काढ, दादा, हात काढ. दादांच्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. हा गेला की काय होईल, वडिलांना काय सांगणार, हा निर्लज्जासारखा गातोय कसा. कोपऱ्यातला एक कागद वाकडा दिसला तो नीट करायला त्यांनी बोटं पुढे केली, आणि सुरी आली.

त्यानंतर ते जे ओरडले ते सगळ्यांनी ऐकलं. "एकदाच म्हणालास. एकदाच म्हणालास तू."

रेडिओ पांढराफटक पडला. वडील धावत आले. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या वडील त्याला म्हणाले, "माझं गाणं तू बुडवलंस." वडील रागीट नव्हते. त्यामुळे ते वाक्य जास्तच लागलं.

महिन्याने दादा दुकानात परतले तेव्हा घडीवाल्या मावशी त्यांच्यापाशी आल्या आणि कागदात गुंडाळलेली एक जुडी त्यांच्यासमोर ठेवली.

"हे त्या दिवशीचं. तू ओरडलास तेव्हा माझ्या हातात होतं. मोज."

दादांनी मोजलं. चार फर्मे.

"एकदाच म्हटलं असतं तर तीन झाले असते," मावशी म्हणाल्या. "त्याने दोनदाच म्हटलं. तू ऐकत नव्हतास."

"मावशी, तुम्ही हे कुणाला..."

"मी कशाला सांगू? तोंड तुझं, तू सांग."

दादा सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण हात ठणकत होता तोवर राग होता, राग गेला तेव्हा रेडिओ वाद्यवृंदाला नाही म्हणून मोकळा झाला होता, बायकोला घेऊन वेगळं बिऱ्हाड केलं होतं. मग वडील गेले. मग मावशी लेकीकडे राहायला गेल्या. आज सांगू, उद्या सांगू करता करता न सांगण्याचीच सवय लागली. आणि एखादी गोष्ट दहा वर्षं न सांगता राहिली की ती सांगताना दहा वर्षांचाही हिशेब द्यावा लागतो. जुडी टेबलाच्या खालच्या खणात पडून राहिली.

रेडिओने गाणं सोडलं ते सोडलंच. नोकरीही धरली ती ग्रंथालयात, जिथे भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी. लग्नकार्यात दोघं भेटत. "कसा आहेस?" "बरा." "तू?" "चाललंय." रेडिओची नजर दादांच्या हातापाशी जाई आणि चटका बसल्यासारखी परत येई. दादा हात काखेत दडवत. भावाला वाटे, दादा अजून रागावलाय. तसं वाटू देणं सोपं होतं.

दुकानातही दादांनी गाणं बंद केलं. पुढे विजेचं मशीन आलं, दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबल्याशिवाय सुरी हलत नसे. गाण्याची गरजच उरली नाही. पण संध्याकाळ झाली की दादांची ती नसलेली बोटं दुखू लागत. डॉक्टर म्हणाले होते, बोटं गेल्याचं डोक्याला अजून पटलेलं नाही. गोळ्यांनी उतार पडेना. एकदा मशीनच्या घरघरीत त्यांनी नकळत ती चाल गुणगुणली, आणि ठणका ओसरला. तेव्हापासून ते रोज म्हणत. मशीन चालू असतानाच, ओठ न हलवता. दुसऱ्याचा आवाज बंद करून ते स्वतः त्या गाण्यावर चौदा वर्षं औषधासारखे जगत होते, आणि हे त्यांना कळत होतं.

त्या सोमवारी ते लवकर घरी गेले. बायको डबा भरत होती.

"अगं, त्याला झटका आलाय."

"माहीत आहे."

"तुला माहीत आहे?"

"महिनाभर रोज जातेय मी. हा डबा काय शेजारच्या मांजराला नेते?"

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलंत का? चौदा वर्षांत एकदा तरी 'तो कसा आहे' म्हणून विचारलंत? मी कुठल्या तोंडाने सांगू?" तिने डब्याचं झाकण जरा जास्तच जोरात लावलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "वाचा शिकवणाऱ्या बाई येतात घरी. त्या म्हणतात, बोलायची वाट बंद झाली तरी गाण्याची कधी कधी उघडी असते. गाता गाता शब्द परत येतात. धाकटी जाऊ रोज त्यांच्यापुढे गाणी म्हणते, बिचारीला सूर ना ताल. भावोजी तोंड घट्ट मिटून घेतात. बाईंनी परवा सांगितलं, प्रयत्नच करणार नसाल तर माझ्या येण्यात अर्थ नाही. पुढच्या आठवड्यापासून बंद."

"गात का नाही?"

बायकोने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाली, "मला काय विचारता?"

दादा चपला घालून परत दुकानात गेले. खालचा खण अडकत होता, तो दोनदा उचकटून उघडला. जुडी तिथेच होती, कागद पिवळा पडलेला. ती शर्टाच्या आत धरून ते भावाच्या घराकडे निघाले. बायको डबा घेऊन आधीच पोचली होती.

धाकटीने दार उघडलं आणि दारातच थबकली. "दादा... या ना."

खिडकीपाशी पलंगावर रेडिओ टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा. केस बरेच पांढरे. दादांना पाहून तो उठायची धडपड करू लागला.

"बस, बस," दादा म्हणाले. खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. सगळं वाटेत जुळवून आणलं होतं, इथे येईतो एक वाक्य धड उरलं नाही. शेवटी त्यांनी जुडी काढून भावाच्या डाव्या हाताशी ठेवली.

"मावशींच्या घड्या. त्या दिवशीच्या."

रेडिओने कागद सोडवला. डाव्या हाताने, अंगठ्याने एकेक फर्मा सरकवत त्याने मोजले. पुन्हा पहिल्यापासून मोजले. ग्रंथालयात पानं मोजून मोजून त्याचा अंगठा तयार झाला होता. तिसऱ्यांदा तो चौथ्या फर्म्यावर थांबला.

"तू दोनदा म्हटलंस," दादा म्हणाले. "मी ऐकत नव्हतो. तू जाणार म्हणून फुगून बसलो होतो. मावशींनी महिन्याभरातच दाखवलं मला. मला तेव्हापासून माहीत आहे."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"बाबांनाही मी सांगितलं नाही. ते तसेच गेले." दादांना आणखी काहीतरी म्हणायचं होतं, माफीबिफीचं, पण तो शब्द त्यांनी आयुष्यात भावापुढे वापरला नव्हता. तो आत्ता काढला तर दुसऱ्याच कुणाचातरी वाटला असता.

रेडिओने फर्मे पलंगावर ठेवले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याची पाठ हलत होती. रडत होता की रागावला होता, पाठीवरून कळेना.

दादांची नजर दाराकडे गेली. जावं असं वाटत होतं. पण पुढच्या आठवड्यापासून बाई येणार नव्हत्या, आणि त्याला गाता येतं का ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. ते पलंगाच्या कडेला बसले, तुटका हात पलंगाच्या लाकडी पट्टीवर ठेवला आणि घसा खाकरला. चौदा वर्षांत ते मोठ्याने गायले नव्हते. आवाज दरवाजाच्या बिजागरीसारखा निघाला.

"घे रे गठ्ठा, ठोक जरा..."

दारात धाकटी आणि बायको येऊन उभ्या राहिल्या.

"कडेला कड, सरळ करा... हात काढ, दादा, हात काढ."

आणि दुसऱ्यांदा म्हणायला गेले तर आवाजच येईना. खोड काढायची म्हणून नव्हे. खरोखरच निघेना. ओळ एकदाच झाली आणि तिथेच लटकत राहिली. बाहेर कुणीतरी बादलीत नळ सोडला होता, तेवढाच आवाज.

भिंतीकडच्या तोंडातून आधी नुसती हवा आली. मग सूर आला, शब्दाशिवाय, पण बरोबर त्याच पट्टीत. आणि मग चिखलातून पाय उपसावा तसा एकेक शब्द.

"हा...त... काढ... दादा... हात... काढ."

शेवटच्या 'काढ'वर त्याचा डावा हात आपोआप वर गेला आणि दांडा ओढावा तसा खाली आला. तो वळला. दादांचा हात पट्टीवरच होता. तीन बोटं, मधे मोकळी जागा. रेडिओने या वेळी नजर फिरवली नाही. त्याचे ओठ पुन्हा हलू लागले. चालीशिवाय काहीतरी म्हणायचं होतं त्याला. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताणल्या.

"काय रे? पाणी?" दादा पुढे वाकले.

"गा..." रेडिओ म्हणाला. "गा...ढव."

धाकटी रडायलाच लागली. दादांच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला, तरी तिचं तोंड काही गप्प बसेना. "महिन्याने पहिला शब्द बोलले भावोजी," ती म्हणाली, "तोही अगदी विचार करून."

दादा हसले. रेडिओचं तोंड एकाच बाजूने हसलं, दुसऱ्या बाजूला अजून ते कळलं नव्हतं. मग त्याने डाव्या हाताने फर्म्यांवर टकटक केलं. दादांना ती खूण माहीत होती. पुन्हा, पहिल्यापासून.

तेव्हा त्यांनी ते पाच-सहा वेळा म्हटलं. पहिल्या ओळीत रेडिओला फक्त 'ठोक' सापडला, दुसरीत काहीच नाही. तिसरी मात्र दर वेळी येत होती, दोनदा. राग गेला होता असं नाही. मधेच तो थांबून दादांकडे बघे, आणि ते बघणं दादा खाली मान घालून घेत. ते घ्यायचंच होतं. निरोप मिळाल्यावर वाचा शिकवणाऱ्या बाई पुढच्या आठवड्यातही आल्या, तेव्हा धाकटीने त्यांना दारातच सांगितलं, "आज गाणं मी म्हणणार नाही," आणि बाईंनाही त्याचं फार वाईट वाटलं नाही.

दादा रोज संध्याकाळी जाऊ लागले. त्या वेळी बोटं दुखायची ती दुखतच. दुकानात मात्र त्या पहिल्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी एक गोष्ट झाली होती. शिलाईवरच्या बाईंनी सुई थांबवून त्यांच्याकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, "दादा, बरं नाही का तुम्हाला?"

"का?"

"नाही, तुम्ही... गाताय."

दादांनी मशीनकडे पाहिलं. मशीन बंद होतं.

"मी नाही," ते म्हणाले, "रेडिओ लागलाय." आणि तिसरी ओळ पुन्हा एकदा म्हटली.